शिशाची गोचीड

॥ श्री ॥

लालबाग, मुंबई
ता. १८ जानेवारी १९६२

ती. ठकूआक्कास धाकट्या मुरारीचा शि. सा. न. वि. वि.

तुझे तिळगुळाचे पाकीट पोचले. गुळाने पत्र असे चिकटले होते की शेवटच्या दोन ओळी वाचायच्या राहिल्या. त्या माझ्या लग्नाविषयीच असणार, म्हणून फार खटपट केली नाही.

मी लॉरी सोडली. आता एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, आणि गाडी म्हणजे चक्क घर आहे गं. जुन्या बसच्या सांगाड्यावर रामा मिस्त्रींनी ते उभे केले. भिंतीतून पलंग खाली येतो आणि सकाळी परत भिंतीत जातो. चूल आहे, मोरी आहे, नळ फिरवला की पाणी येते. मागच्या खोलीत डोळ्यांची ऑपरेशने होणार. मी पहिल्या दिवशी चपला बाहेर काढूनच आत गेलो, बाई हसल्या. त्या यातच राहणार आणि गावोगाव मोतीबिंदू काढत फिरणार. पहिली फेरी महाड-पोलादपूरची. आये डोळे दाखवायला मुंबईला येत नाही ना, मग दवाखानाच तिच्या दारात आणतो.

पण एक विघ्न आहे. सपाट रस्त्यावर जरा वेग घेतला की पुढची चाके थरथरतात. सुकाणू हातात नाचते, कपाटातल्या बाटल्या किणकिणतात. बाईंची हत्यारे फार नाजूक. गाडी अशीच हलत राहिली तर यंदा फेरी नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. आयेला यातले सांगू नकोस.

भावोजींस नमस्कार. रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझा
मुरारी

॥ श्री ॥

वाडी, पोलादपूर, जि. कुलाबा
ता. २६ जानेवारी १९६२

चि. मुरारीस ठकूआक्काचे अनेक आशीर्वाद.

न वाचलेल्या दोन ओळी लग्नाच्याच होत्या. पुढच्या वेळी गूळ घालणार नाही.

आयेला सांगू नको म्हणालास, पण पत्र मोठ्याने वाचायची माझी सवय, ती शेजारीच बसली होती. तिने सगळे ऐकले. मग तिने त्या घराचे दार कुठल्या दिशेला आहे ते विचारले. मी म्हटले, रोज वेगळ्या. तेव्हा तिने हातच जोडले. असले घर देवाचेच असणार, असे तिला वाटते.

तिचे डोळे आता फार गेले रे. परवा चुलीपाशी मला शेजारची रंगूबाई समजून बोलत होती. मुंबईला चल म्हटले की एकच उत्तर, इथे वाट पायांना ठाऊक आहे, तिथे माझ्या पायांना कोण विचारतो. पोलादपूरच्या डॉक्टरांनी सांगितले, मोतीबिंदू पुरा पिकला आहे, पाऊसकाळाच्या आत काढला नाही तर डोळा हातचा जाईल. तेव्हा तुझी चाके काय म्हणतात ते लवकर बघ.

तुझ्या भावोजींचा सल्लाही लिहिते, नाहीतर ते जेवायचे नाहीत. बैलगाडी मागे जड होऊन उलाळ झाली की पुढे माणूस बसवतात, तसा एखादा जाडजूड माणूस मोटारीत हलक्या बाजूला बसवावा. स्वतः यायला तयार आहेत.

माया आहेच, ती लिहून वाढत नाही.

तुझी
आक्का

॥ श्री ॥

लालबाग, मुंबई
ता. २० फेब्रुवारी १९६२

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

भावोजींना सांग, सल्ला अगदीच वाया गेला नाही. दुखणे तेच निघाले. चाक सगळीकडून सारख्या वजनाचे नसते. एक बाजू केसभर जड असते आणि वेगात तीच धक्के देते.

त्यावर तीन उपाय पुढे आले. एका मोठ्या गॅरेजात यंत्र आहे, ते चाक गरगर फिरवून काटेकोर वजन सांगते. एक दुकानदार ट्यूबमध्ये घालायची भुकटी देत होता, ती म्हणे आपोआप हलक्या बाजूला जाऊन बसते. आणि रामा मिस्त्रींचा उपाय हाताचा. मला यंत्रच पसंत होते, त्याच्यापुढे मी तासभर तोंड उघडे टाकून उभा होतो. पण बाईंनी तिघांना एकच विचारले, पोलादपूरला पंक्चर झाले तर? यंत्र मुंबईतच राहणार. भुकटी ट्यूब उघडली की सांडणार. जो उपाय आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी करता येईल तोच माझा, असे म्हणून त्या मिस्त्रींच्या बाजूला गेल्या.

तो उपाय असा. चाक जॅकवर उचलायचे, मोकळे करायचे, हाताने फिरवून सोडायचे. जड बाजू खाली येऊन थांबते. तिथे खडूची खूण करायची आणि बरोबर समोर, लोखंडी कडेला, शिशाचा तुकडा चिमट्याने बसवायचा. डाव्या चाकाला लागलेला तुकडा बोटाच्या पेराएवढा होता. त्यानंतर चाक फिरवले तर ते कुठेही थांबू लागले. त्याला वरचे-खालचे असे काही उरलेच नाही. माझ्या अंगावर काटा आला, आक्का. पनवेलच्या रस्त्यावर गाडी हाकली, कपाटातल्या बाटल्या गप्प. एवढे मोठे घर, आणि एका पेराएवढ्या शिशाचे ऐकते.

होळी झाली की निघतो. आयेला सांग, दार तिच्या उंबऱ्याकडे तोंड करून उभे करीन.

भेटीत लोभ वाढेलच.

मुरारी

॥ श्री ॥

मुक्काम महाड
ता. १ एप्रिल १९६२

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

वाडीहून निघताना केवढ्या आनंदात होतो. आये घरभर हात फिरवत चालली, पलंग वर गेला तेव्हा तिने माझा दंड धरला, ते सगळे डोळ्यांपुढे आहे. बाईंनाही ती आवडली. महाडचे काम आटोपून येत्या गुरुवारी वाडीला परतायचे आणि तिचा डोळा करायचा, असे ठरलेच होते.

पण पोलादपूर सोडून सपाट रस्त्याला लागलो आणि सुकाणू नाचू लागले. महाडला पोचेतो दोन बाटल्या फुटल्या. उतरून पाहतो तर डाव्या चाकाचे शिसे नाही. दुसरे शिसे मी तासाभरात बसवीन, ती अडचण नाही. बाईंचे म्हणणे वेगळे आहे. जे शिसे फेरीच्या पहिल्याच पंधरवड्यात आपोआप गळते, त्याच्या भरवशावर ही हत्यारे आणि लोकांचे डोळे त्या घाटात न्यायचे नाहीत. मुंबईला परत जाऊन दुसरा उपाय करायचा. मग पाऊस लागेल, म्हणजे फेरी पुढल्या साली.

आक्का, मी चिमटा स्वतः ठोकून बसवला होता. तो गळेल कसा, मला कळत नाही. मंगळवारी सकाळी निघायचे आहे. आयेला काय सांगशील ते तूच ठरव. मला तोंड नाही. हे पत्र ओळखीच्या बसवाल्याच्या हाती देतो.

मुरारी

॥ श्री ॥

वाडी, पोलादपूर
ता. २ एप्रिल १९६२

चि. मुरारीस आशीर्वाद. हे पत्र घेऊन तुझे भावोजी स्वतः येत आहेत. त्यांच्या हातातली पुरचुंडी आधी उघड.

तुझे पत्र मी या वेळीही मोठ्याने वाचले, आणि बरे झाले. शिसे नाही, इथवर आले आणि आयेने पदराची गाठ सोडून पुढे केली. तुम्ही आत जेवत होता तेव्हा ती बाहेर चाकापाशी बसली होती. बैल घरी आला की ती आधी त्याचे पोट, मान, कान चाचपते, तुला ठाऊक आहे. आंधळी झाली तरी गोचीड तिच्या बोटांतून सुटत नाही. तसेच तिने तुझे चाक चाचपले. कडेला टणक गाठ लागली. विळ्याच्या टोकाने तिने ती उचकटून काढली, आणि मेली फार घट्ट बसली होती म्हणे, घाम निघाला. वर माझ्यावरच रागावली, “येवढी मोटार पोसलीव, पन तिची गोचीड काढाय कोन नाय?”

मी हसावे की रडावे? मग तिला समजावले, या गाठीनेच ते घर स्थिर राहत होते. तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला. आपला डोळा जाईल याचे नाही, बाटल्या फुटल्या याचे वाईट वाटले. तिने निरोप दिला आहे तो जसाच्या तसा बाईंना सांग. “शिसा आपनहून पडला नाय. मीच काढला. डोला करा, नायतर नका करू, पन लेकाला बोल लावू नका.”

मुरारी, भावोजींना उपाशी परत पाठवू नको, आणि होईल तर रिकामे पाठवू नको.

आक्का

॥ श्री ॥

महाड
ता. ३ एप्रिल १९६२

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. बाईंनी निरोप ऐकला, तुकडा हातात घेतला, त्यावरचे विळ्याचे ओरखडे पाहिले. मग विचारले की म्हातारीला तेव्हा काहीच दिसत नव्हते ना. मी म्हटले, काहीच नाही. त्यांनी ओरखड्यांवरून बोट फिरवले. शेवटी म्हणाल्या, जे काढायला तुझ्या आईला विळा लागला ते रस्त्याने गळायचे नाही. तुकडा पुन्हा बसवला आहे.

गुरुवारी येतो. चाकाजवळ आयेला एकटी सोडू नकोस.

मुरारी

॥ श्री ॥

वाडी, पोलादपूर
ता. २० मे १९६२

चि. मुरारीस अनेक आशीर्वाद.

चष्म्याचे पार्सल पोचले. बाईंना आमचा सगळ्यांचा दंडवत सांग. नवे टायर घातले म्हणून जुना तुकडा निकामी झाला, तो तू चष्म्याबरोबर पाठवलास, हे फार छान केलेस.

पट्टी सोडल्यापासून आयेला उजेड आणि माणसांचे आकार दिसत होते, बाकी सगळे धुके. काल संध्याकाळी चष्मा लावला. भिंगे एवढी जाड की तिचे डोळे वाटीएवढे दिसतात. तिने आधी माझ्याकडे पाहिले आणि केस कधी पिकले म्हणून विचारले. मला रडू आले, ते तिने पाहिले. पाहिले रे मुरारी, कुणी सांगावे लागले नाही.

मग शिसे हातात दिले. पुष्कळ वेळ बघत राहिली, हेच ते यावर तिचा विश्वास बसेना. शेवटी डोळे मिटून बोटांनी चाचपले, तेव्हा कुठे पटले. येवढासाच व्हय, म्हणाली, आणि परत पदराला बांधून ठेवले.

त्यानंतर तिला ओट्यावर आणले. समोर आंबेनळीचा डोंगर, ऊन उतरत होते. किती वर्षांनी पाहत होती. घाटाच्या रस्त्याने एक मोटार चढत होती, इथून पेराएवढी, काळी, आस्ते आस्ते. तिने बोट दाखवून काय ते विचारले. मी थट्टेने म्हटले, डोंगराच्या पाठीवर गोचीड आहे, काढतेस का?

ती हसली नाही. मोटार वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली, आणि हळूच म्हणाली, “ऱ्हाऊ दे गो. तिच्यानंच डोंगर जाग्यावर हाय.”

सुट्टी काढून ये. तुझे तोंड बघायचे राहिले आहे म्हणते.

तुझी
आक्का