हळद लागलेला कोश

मी, बायाक्का रवळू कोष्टी, वय बासष्ट, धर्म ख्रिस्ती, पूर्वी मिशनच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका, राहणार बेळगाव कॅम्प, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहून ठेवते. दम लागतो, पण डोकं ठिकाणावर आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून काही करण्याची सवय मला कधीच नव्हती, हे बेळगावात सर्वांना ठाऊक आहे.

कलम १. माझी खरी मिळकत म्हणजे पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, सचित्र कोश, तीन भागांत, इंग्रजी. आमच्या शाळेच्या मडमसाहेब विलायतेस परतताना मला देऊन गेल्या. काय पुस्तकं आहेत! शास्त्रात नुसता 'दिवा' येतो. इथे तो मातीचा दिवा वातीसकट काढलेला. मेंढवाडा, तेलाचा घाणा, यरुशलेमचा घडीचा नकाशा. वर्गात कोश उघडला की खोडकर पोरीसुद्धा गप्प होत. ज्यांनी ही चित्रं काढली त्यांना मी हात जोडते.

ही तिन्ही पुस्तकं माझा धाकटा भाऊ कल्लाप्पा, धंदा विणकाम, राहणार शहापूर, यास द्यावीत. कारण लिहिणं भाग आहे. मी बाप्तिस्मा घेतला आणि वडिलांच्या शहापूरच्या घराचा उंबरा मला बंद झाला. कल्लाप्पाही बोलेना. पुढे त्याला कुणाकडून तरी कळलं की आक्काच्या पुस्तकात माग आहे. एका रविवारी येऊन पडवीत उभा राहिला. चित्रातला माग उभा, ताण्याला खाली दगड बांधलेले. हा खड्ड्यात पाय सोडून विणणारा माणूस, बघतच राहिला. "आक्का, ही माणसं उभ्यानं विणत्यात व्हय गं? पाय दुखत न्हाईत?" तेव्हापासून तो रविवार चुकवत नाही.

एका खंडेनवमीला त्याची बायको नागुबाई हिने मागाचं चित्र असलेला भाग मागवून नेला आणि मागाच्या पूजेत धोट्याशेजारी उघडा ठेवला. हळदकुंकू थेट चित्रावर! आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच मारुतीराव यांनी पान फाडून टाका म्हणून हट्ट धरला. मी साफ नकार दिला. ज्या घराने मला ओवाळायचं सोडलं, त्याने माझं पुस्तक ओवाळलं होतं. मला आनंदाने रडू आलं. ते पान तसंच ठेवावं. मात्र यापुढे हळद पुठ्ठ्यावर लावावी.

कलम २. पंचांना हा कोश मंडळीच्या कपाटात हवा आहे. तिथे गेलेलं पुस्तक पुन्हा उजेडात येत नाही. सबब मंडळीस माझं काचेचं कपाट द्यावं, रिकामं, कुलूपकिल्लीसह.

कलम ३. भांडीकुंडी शेजारच्या जयाबाईंना द्यावीत. माझ्या आजारपणात पेज त्यांनीच केली. पोस्टातली शिल्लक माझ्या दफनासाठी वापरावी.

कलम ४. वरील मजकूर आज कल्लाप्पाला वाचून दाखवला. त्याने मागाचं पान उघडून पाहिलं. मग म्हणाला, "मेल्यावर कशाला गं? दसऱ्याला तूच घिऊन ये. नागू वाट बघतीया. मी गाडी घिऊन येतो."

सबब, देवाच्या कृपेने मी तोवर जगले, तर कलम १ मी स्वतः शहापूरच्या घरात पाऊल ठेवून माझ्या हयातीतच अमलात आणीन. आणि तेवढं कलम रद्द समजावं.

ठिकाण बेळगाव, ता. १४ सप्टेंबर १९३८
सही: बायाक्का रवळू कोष्टी

साक्षीदार:
१. परशराम केदारी, शाळेचे कारकून
२. मारुतीराव, मंडळीचे पंच (कलम २ पटलेलं नाही. सही माझीच. दसऱ्याला आक्कांना गाडीत चढवायला मी येईन.)