मेंदूतला मुकादम आणि माझे सहा थेंब

आदरणीय देल्झुइता मावशीला जुरांदिरचा नमस्कार. आधी आशीर्वाद दे, मग पुढचं वाच. (नेहमीसारखं औषधवाल्या आदाल्बेर्तोकडून वाचून घेणार असशील, तर त्याला म्हणावं दुकानाच्या दारात उभा राहून वाच. पत्र अभिमानाचं आहे.) गुडघा कसा आहे? शेळी व्यायली का? गूळ पोचला, संपलाही.

गावात सगळे म्हणतात, जुरांदिर उत्तरेतलं गाव सोडून साओ पावलोला जाऊन उंदरांची घाण काढतो. काढतो. पण ते उंदीर विद्यापीठाचे आहेत, पांढरेशुभ्र, आणि प्रत्येकाच्या पोटात घेवड्याच्या दाण्याएवढं यंत्र आहे, ते बाहेर कागदावर त्याचा ताप लिहितं. आता ताप कुठून येतो, सांग पाहू. तू म्हणशील, ओल्या केसांनी झोपल्यावर. चूक! जंतू शिरल्याची बोंब रक्तातून वर जाते, मग मेंदूच्या तळाशी प्रोस्टाग्लँडिन तयार होतं (हा शब्द मी न अडखळता म्हणतो, इथले शिकलेले अडखळतात) आणि ते तिथल्या मुकादमाला सांगतं, आता सदतीस पुरे नाही, एकोणचाळीस करा. मुकादमाने हुकूम सोडला की अंग तापत असतानाही थंडी वाजते. म्हणजे लहानपणी तू मला तापात पिंपातल्या गार पाण्यात बसवायचीस आणि मी दात वाजवायचो, तो माझा हट्ट नव्हता. वरचा हुकूम होता.

गेल्या मंगळवारी आमच्या झोराइदे डॉक्टरीणबाईंनी बारा उंदरांना मेलेल्या जंतूंची पूड टोचली. सहांना त्यांचं नवं औषध, सहांना नुसतं मिठाचं पाणी. पाणीवाल्यांना ताप चढलाच पाहिजे, तरच औषधाचा फरक दिसतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पिंजरे पुसायला गेलो तर ते सहा जण कोपऱ्यात एकमेकांना चिकटून कुडकुडताहेत. आपल्याकडे कुणी कुडकुडलं आणि तापाच्या थेंबांची बाटली निघाली नाही, असं कधी झालंय? तू बांधून दिलेली माझ्या खिशातच होती. प्रत्येकाच्या जिभेवर एकेक थेंब. (एकाने बोट चावलं. बाकीचे सभ्य.)

झालं. कागदावर दोन्ही रेषा सारख्याच खाली. बाईंनी ठरवलं की ग्लाउबर या विद्यार्थ्याने चुकून बाराही जणांना औषधच टोचलं, आणि त्याला काढायला निघाल्या. तो रडायला लागला. मग मला गप्प राहवेना.

"बाई, त्याने नाही. मी थेंब दिले."

"कसले थेंब?"

"तापाचे. मावशीचे."

बाई खुर्चीत बसल्या. "अरे गाढवा, ते थेंबही माझ्या औषधासारखं मेंदूतलं तेच रसायन अडवतात! तीन वर्षं मी त्याच्यामागे आहे!"

ग्लाउबरने मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "उत्तरेकडच्या मूर्खा, माझं आयुष्य बुडवलं असतंस."

बाईंनी शिव्या दिल्या, पण मग फळ्यावर चित्र काढून सगळं मला समजावलं. एकट्याला, मावशी, अर्धा तास! (हे आदाल्बेर्तोने दोनदा वाचावं.) म्हणाल्या, आता प्रयोग पुन्हा करू. या वेळी त्या सहांचा ताप नीट चढला तर तू राहशील. रेषा बोटभर जरी खाली घसरली, तर पिशवी भर.

तर गावाला सांग, तापाचं कुणाला काही विचारायचं असेल तर जुरांदिरला लिहा.

तुझा,
जुरांदिर

ता. क. बाई पुढच्या महिन्यात पहिल्या शनिवारी आदाल्बेर्तोच्या दुकानात फोन करून तुला विचारणार आहेत, हा मुलगा दुसऱ्याच्या गोष्टींना हात न लावता राहू शकतो का. तू "हो" म्हण आणि ताबडतोब फोन ठेव. पाद्रीबाबांच्या पोपटाचं अजिबात काढू नकोस. मी त्याला कॉफी पाजली ती तो उदास दिसत होता म्हणून.

आणखी एक. प्रयोग आजच आहे. बाईंनी मुद्दाम मला एकट्यालाच इथे बसवलंय. समोर सहा जण कुडकुडताहेत, त्यातला सगळ्यात लहान माझ्याकडेच बघतोय. पत्र लांबलं ते त्यामुळे. हातात पेन आहे तोवर हात गुंतलेला आहे. ताप उतरायला अजून दोन तास आहेत, आणि माझ्याकडचा कागद संपत आला. म्हणून आता बारीक अक्षरात विचारतो, शेळीला किती पिल्लं झाली, काळी किती, पांढरी किती, त्यांची नावं काय ठेवलीस, आणि