थोरल्या साहेबांचा कित्ता

३ जून
आज रुजू झालो! वकिलांच्या या पेढीला पुढच्या वर्षी शंभर वर्षं होतात आणि तिचा इतिहास लिहायला त्यांना मी सापडलो. तीन खिडक्यांची स्वतंत्र खोली, चहा जागेवर. पेढी थोरल्या साहेबांनी काढली; आता नातू, म्हणजे धाकटे साहेब, चालवतात. त्यांचे मेहुणे मंत्री आहेत, त्याआधी चुलते होते. सरकारं बदलली तरी सगळ्यांना आमचेच उंबरे झिजवावे लागले, असं त्यांनी हसत सांगितलं. आई तर हरखून गेली आहे. एकवीस तारखेला तिच्या हृदयाचं ऑपरेशन. तिला माझ्याशिवाय आणि मला तिच्याशिवाय कोणी नाही, पण सध्या भेटेल त्याला ती माझ्या नोकरीचंच सांगत सुटली आहे.

५ जून
इथली एक गमतीची रीत. नव्या माणसाने रोज दोन पानं थोरल्या साहेबांच्या अक्षराचा कित्ता गिरवायचा. जुनी कागदपत्रं वाचता यावीत म्हणे. माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, तेव्हा फायदा माझाच. उजवीकडे झुकलेली अक्षरं, लांबलचक वेलांट्या, आणि प्रत्येक दस्ताच्या शेवटी ठरलेलं वाक्य: राजीखुशीने, अक्कलहुशारीने लिहून दिले. पेढीचं दफ्तर सांभाळणाऱ्या काकांनी मात्र माझी पानं बघितली आणि पालथी घालून ठेवली. त्यांच्या उजव्या हाताला अंगठा नाही. डाव्याने लिहितात, तेही कसंबसं.

१० जून
हात बसला! धाकट्या साहेबांनी खूश होऊन जमिनीच्या एका जुन्या बक्षीसपत्राची नक्कल करायला दिली, शताब्दीच्या प्रदर्शनात मांडायला. पिवळा पडलेला कागदही त्यांनीच दिला. खाली थोरल्यांची सही एका झटक्यात ठोकली. काय हुबेहूब!

१४ जून
माझी नक्कल पेपरात पहिल्या पानावर. वर्षानुवर्षं चाललेल्या खटल्यात चाळीस वर्षांपूर्वीचा अस्सल दस्त म्हणून कोर्टात दाखल झाली आणि टेकडीखालची वस्ती मंत्र्यांच्या मालकीची ठरली. तीनशे घरं. दफ्तरात जाऊन जुने दस्त काढले. थोरले जाऊन तीस वर्षं झाली. नदीवरचा नवा पूल त्यानंतर बांधला. तरी त्यांच्या हातच्या, त्यांच्या हयातीतल्या तारखांच्या दस्तांत तो पूल आहे. पेढीचा खरा इतिहास हा. दर वेळी नवा हात.

१५ जून
राजीनामा लिहिला. खाली सही आली ती थोरल्यांची. फाडला. पुन्हा लिहिला. पुन्हा तीच. धाकट्या साहेबांनी शांतपणे सांगितलं की आजोबांना एखादा हात आवडला की ते सोडत नाहीत.

१७ जून
मला माझं नाव लिहिता येत नाही. ही वहीसुद्धा आता त्यांच्याच अक्षरात आहे. डाव्या हातानेही तीच सही. काका म्हणाले, उजवा शाबूत आहे तोवर डावाही त्यांचाच. मग अंगठ्याचं विचारलं. दस्तांच्या बांधणीच्या खोलीतलं कागद कापायचं यंत्र, म्हणाले. आपण होऊन.

२० जून
दवाखान्यात संमतीपत्र. तीन फॉर्म वाया. सहीवर बोट ठेवून नर्स विचारते, हे कोण? अंगठा उमटवला — नुसता डाग, एक रेघ नाही. आईची सही झाली, पण उद्या अकरापर्यंत नात्यातल्या माणसाचीही हवी, नाहीतर महिन्यानंतरची तारीख. तेवढे दिवस आई काढणार नाही, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. आई म्हणते, एवढीशी सही, इतका कसला विचार करतोस रे. मी घाबरलोय. खूप घाबरलोय.

२१ जून, सकाळी साडेनऊ
बांधणीची खोली. काका दाराशी, पाठ फिरवून. पातं वर घेतलंय. हात खाली ठेवायचा. एवढंच —

आई, येतोच. अकराच्या आत —

हात खाली जात नाहीये. पेन सोडत नाही. मी लिहायचं थांबवलंय. मी थांबलोय, तरी हा —

पावणेअकरा —

आई —

वरील सर्व मजकूर राजीखुशीने, अक्कलहुशारीने लिहून