लदेणी संघाचे पत्र मला कधी आले नाही

मी, उत्तमसिंग धावजी राठोड, वय बावन्न, धंदा पंपाच्या मोटारींचे वाइंडिंग, राहणार आमचा तांडा, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. मार्चमध्ये कळ छातीत आली होती, डोक्याला काही झालेले नाही.

१. राहते घर व तीन एकर शेत पत्नी रुपीबाईला. दुकान व सगळी हत्यारे मुलगी वर्षाला. ती माझ्यापेक्षा सफाईने तार गुंडाळते. "पोरीले दुकान कायले" म्हणणाऱ्या भावकीने मोटार जळाली की तिच्याच दारात रांगेत बसावे.

२. लदेणी संघ. आमचे वाडवडील बैलांवर माल लादून मुलूख फिरत, त्या लदेणीचे नाव मी २००७ साली या रग्बी संघाला दिले. संघाला ना मैदान, ना कचेरी. दर फेब्रुवारीत जिल्ह्यातल्या संघांतून पंधरा जणांना पत्राने बोलवायचे आणि पांढरकवड्याला बाहेरच्या संघाशी एक सामना खेळायचा. जर्सी लदेणीची, मोजे ज्याच्या त्याच्या संघाचे. "मला बोलवा" म्हणाला त्याला जन्मात पत्र नाही. आणि पत्र लिहिणाऱ्याने स्वतःला बोलवायचे नाही, हा नियम मीच मोठेपणा करून घातला. "असं कसं, तुम्ही त पाहिजेच," असे कोणी तरी म्हणेल वाटले होते. कोणी म्हणाले नाही. मी पत्रे लिहीत राहिलो, रुपीबाई जर्स्या धूत राहिली.

३. खेमसिंग पवार. माझा लंगोटीयार, अकरा वेळा लदेणीचा कप्तान. महागावच्या संघात आम्ही खांद्याला खांदा लावून खेळलो. रेटा माझा, टाळ्या त्याला. मी त्याच्यावर जळतो, हे लेखी देतो. रुपीबाई म्हणते, "काहून जळता हो? तो त तुमचं नाव घेतल्याशिवाय जेवत नाही." तेच जास्त झोंबते.

२०१४ साली त्याचे पत्र मी लिहिले आणि टाकले नाही. नियम म्हणून त्यानेही विचारले नाही. सामन्याच्या दिवशी पाण्याचा कॅन घेऊन हजर. म्हणाला, "पाणी पाजाले त पत्र लागत नाही ना, उत्तम?" आम्ही सपाटून हरलो. त्याने पुन्हा कधी विषय काढला नाही. ते पत्र माझ्या पेटीत आहे, ते त्याला द्यावे. माफी मागायला जीभ उचलली नाही, पण लबाडी माझी होती.

४. माझ्यानंतर लदेणीची पत्रे खेमसिंगने लिहावीत. दुसऱ्यांची नावे लिहून रेषेबाहेर उभे राहणे काय असते, ते त्यालाही कळू दे. हे त्याला आजच सांगितले. "बरं," म्हणाला. वकील म्हणतात ज्याला काही मिळते त्याची साक्ष नको, म्हणून खाली त्याची सही नाही.

५. लदेणीची जर्सी मी कधी अंगाला लावली नाही, दार लावूनही नाही. मला उचलायच्या वेळी खेमसिंगने आपल्या मनाने माझ्या नावाचे पत्र लिहून आणले, तरच ती मला घालावी. त्याला कोणी सुचवू नये. हे कलम रुपीबाईला माहीत आहे, त्याला कळू देऊ नये. अर्धा तास त्या पत्रासाठी थांबावे, मग उचलावे.

सही: उत्तमसिंग धावजी राठोड

आमच्यासमोर सही केली:
१) नागोराव खडसे
२) रामलाल चव्हाण

महागाव, १२ जून २०२५