तिसरा पडदा गाठेपर्यंत

२ मे १९८७, शनिवार
आज पहाटे साडेचारला उठलो, आंघोळ केली, देवापुढे निरांजन लावलं आणि मग टीव्ही चालू केला. याच क्रमाने केलं, याची नोंद असावी.
हुडकेश्वरच्या आमच्या लेआउट वसाहतीतल्या बालवाचनालयात यंदा सुट्टीसाठी टीव्हीवर खेळायचं यंत्र घ्यायचं ठरलंय. पारखायला माझ्या घरी तीन यंत्रं आलीत. एक काळं, एक हिरवं, आणि तिसरा कॅसेटवरून खेळ घेणारा छोटा कॉम्प्युटर. तिन्हींवर एकाच खेळाची नक्कल आहे. मूळ खेळ सीताबर्डीच्या व्हिडिओ गेम पार्लरात. एक बुटका माणूस शिड्या चढून वरची मडकी आणतो, आणि वरून दगड पडतात. मी त्याचं नाव धोंडबा ठेवलं. कोणत्या यंत्राची नक्कल अस्सल, हे मी ठरवायचं. अध्यक्ष वामनराव म्हणाले, "हे काम शालिकरामचंच." बरोबरच आहे. बावीस वर्षं ऑफिसच्या स्टोअर्समध्ये खरेदीचे तुलनात्मक तक्ते केले.
अहवाल दहा तारखेला द्यायचा. आठ दिवस खरं तर जास्तच होतात.

३ मे, रविवार
तक्ता आखला. तेवीस रकाने. रंग, आवाज, उडी, दगडाचा वेग वगैरे. नियम एकच: प्रत्येक यंत्रावर खेळाच्या तिसऱ्या पडद्यापर्यंत, म्हणजे तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचायचं, मगच शेरा. नाहीतर एखाद्या यंत्रावर अन्याय होईल. तिसऱ्या पडद्यावर नदी आहे असं ऐकलंय.
शेजारच्या यमुताईंची नात गोपिका सुट्टीला कन्हानहून आलीय. अकरा वर्षांची. फाटकातून म्हणाली, "आबाजी, वाचनालयात कधी देता जी?" पुढच्या रविवारी, म्हणालो. शब्द दिला.
मी एकोणपन्नासचा आहे. आबाजी म्हणण्याइतका दिसत नाही.

५ मे, मंगळवार
काळं यंत्र. धोंडबा पहिल्याच पडद्यावर एक्केचाळीस वेळा मेला. दोष यंत्राचा. दगड पूर्वसूचना न देता पडतात.

९ मे, शनिवार
कॉम्प्युटरमध्ये कॅसेटवरून खेळ यायला आठ मिनिटं लागतात. तेवढा वेळ कर्कश किंचाळतो. वेळ वाया जाऊ नये म्हणून एकेका खेपेला एकेक माळ जप केला. आज सात माळा झाल्या. श्रावणातसुद्धा एवढ्या होत नाहीत. या यंत्रामुळे साधना वाढली, हे शेऱ्यात घालावं का?
बायकोनं, जयवंतानं, स्वयंपाकघरातून विचारलं, "रामाच्या जपात 'मेला रे मेला' कुठून आलं जी?"
माळ पुढे ओढली. जपात बोलू नये.

१० मे, रविवार
मुदत वाढवून घेतली. वीस मेपर्यंत. वामनराव म्हणाले, "शालिक, यंत्र घ्यायचं आहे गा. पोरगी द्यायची नाही त्या घरी." त्यांना खरेदीतलं फारसं कळत नाही.
गोपिका आली होती. पुढच्या रविवारी, म्हणालो.

१४ मे, गुरुवार
मूळ पाहिल्याशिवाय नक्कल कशी जोखणार? ऑफिस सुटल्यावर टेकडीच्या गणपतीचं दर्शन घेतलं आणि उतरून पार्लरात गेलो. कपाळाचा शेंदूर पुसायचं राहिलं. आत सगळी कॉलेजची पोरं. मालकानं विचारलं, "कोणाले शोधून राहिले काका? पोरगं आलं काय तुमचं?" हो म्हणालो. हे खोटं धरता येणार नाही. मी धोंडबाला शोधत होतो.
खेळलो. मूळ धोंडबाही लवकर मेला. म्हणजे नक्कल बरीच हुबेहूब आहे.
घरी फक्त टेकडीचं सांगितलं.

२१ मे, गुरुवार
काल मुदत संपली. वामनरावांना 'काम प्रगतिपथावर' अशी चिठ्ठी पाठवली.
आज हिरव्या यंत्रावर चार हजार दोनशे गुण! सकाळची ऑफिसची घाई. यंत्र बंद केलं असतं तर आकडा पुसला गेला असता, म्हणून तसंच चालू ठेवून गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तर अकरा हजार सहाशे पन्नास. म्हणजे हे यंत्र कोणी हात न लावता आपोआप आकडा फुगवतं. गंभीर दोष. पाच गुण कापले.
आज वांग्याची भाजी करपली होती. उन्हाळ्यात असं होतं.

२८ मे, गुरुवार
संकल्प: उद्यापासून पूजा झाल्यावर फक्त अर्धा तास.

२९ मे, शुक्रवार
पूजा आधी केली की मन खेळाकडे ओढतं आणि पूजेत खोट येते. म्हणून आधी खेळ, मग शांतपणे पूजा. संकल्प सुधारला.
पूजेला वेळ उरला नाही. देवाला उभ्यानंच हात जोडले.

४ जून, गुरुवार
अंगठा सुजला. ऑफिसात दार लागलं म्हणून सांगितलं.
गोपिका चार पोरांना घेऊन पायरीवर बसली. "आम्ही फक्त पाहतो जी." नको म्हणालो. कोणी बघत असलं की चाचणी शास्त्रशुद्ध राहत नाही. तर म्हणाली, "पण माह्या सुट्टीचे सतराच दिवस उरले, आबाजी." हिशेब चोख आहे पोरीचा. तसं तिला सांगितलं. खूश झाली नाही.

१२ जून, शुक्रवार
हिरव्यावर दुसऱ्या पडद्याच्या टोकाशी पोचलो आणि लाइट गेले. विजेच्या खात्याला माझ्या कामाची किंमत नाही.
जयवंता निवडायचे तांदूळ घेऊन मागे बसली होती. म्हणाली, "उजव्या शिडीनं चढत जा ना जी. डावीवर दगड पडतेच. अन् तिसऱ्या पडद्यावर नदी नाही, मधमाशा आहेत." तिला काय माहीत? दिवसभर घरात बसून माणसाला काहीबाही सुचतं. तरी उजव्या शिडीचा विचार करतो आहे. स्वतंत्रपणे.

१८ जून, गुरुवार
स्थिती अशी. काळं: दुसरा पडदा. हिरवं: दुसरा पडदा. कॉम्प्युटर: पहिला. म्हणजे निष्कर्ष सोडला तर अहवाल जवळजवळ पूर्ण.
बसस्टॉपवर वामनराव भेटले. मला वाटलं, मुदतीवरून बोलतील. तसं काही नाही. म्हणाले, "गोपिका रविवारी कन्हानले चालली गा. दीड महिन्यापासून रोज वाचनालयातला टीव्ही पुसून ठेवते पोरगी. यंत्र आज येईन म्हणून." बस आली.
संध्याकाळी जपाला बसलो. एक माळही पुरी झाली नाही.

२० जून, शनिवार
पहाटे उठलो. टीव्ही लावला नाही. उद्या सकाळी तिन्ही यंत्रं नेऊन द्यायची, हे ठरलं. तक्ता राहिला तर राहिला.
नंतर दहा मिनिटं लावला. यंत्रं चालू स्थितीत आहेत हे पाहूनच द्यावीत.
पावणेदोन तास लागले.

२१ जून, रविवार
पूजा आधी. मग सायकलवर तीन खेपा. नऊला वाचनालय उघडलं. गोपिकाची बस एकची. यमुताई म्हणाल्या, साडेबाराला हाक मारीन.
गोपिकानं आधी काळं घेतलं, मग हिरवं, मग कॉम्प्युटर. मी तक्ता धरून मागे उभा होतो. अकराच्या आत तिन्ही यंत्रांवर तिसरा पडदा. तो मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. मधमाशाच आहेत.
कोणतं चांगलं, म्हणून तिला विचारलं. सात आठवडे चाललेलं काम तिनं एका वाक्यात संपवलं. "हिरवं घ्या, आबाजी. काळ्याच्या बटनाले बोटाचा जोर पुरत नाही. त्या रामाजीकाकांच्या लेकीले तर दोन हातानं दाबा लागते." रामाजींची लेक सहा वर्षांची; मघाशी तिनंही काळं धरून पाहिलं होतं. मी तिचा हात पाहिला. मग माझा.
तेवीस रकान्यांत मुलांच्या हाताचा रकाना नव्हता. चोविसावा आखला.
साडेबारापर्यंत हिरवं यंत्र तिच्याकडेच राहू दिलं. इतर पोरं ओरडली, "आमचा नंबर कधी?" तुम्ही इथंच आहात, ती चाललीय, असं त्यांना सांगितलं. यमुताईंची हाक आली तशी ती निमूट उठली. टीव्हीवरून एकदा फडकं फिरवलं आणि गेली. मला वाटलं होतं, काहीतरी बोलेल. ती फाटकापाशी गेल्यावर मीच म्हणालो, "दिवाळीत ये." तर म्हणाली, "दिवाळीपर्यंत हे तपासून होईन काय, आबाजी?" पोरं हसली. आबाजी या शब्दाला आज माझी हरकत नव्हती.
अहवालावर सही केली. हिरवं मंजूर. उरलेली दोन बांधून वामनरावांकडे पोचती केली.
पोरांनी खेळायच्या नंबरांची यादी भिंतीला लावलीय. कोणी पाहत नाहीसं बघून खाली माझं नाव लिहिलं. सदतिसावा नंबर. बुधवारी येईल, म्हणतात.