सफरचंदाची फांदी

प्रिय थेल्मा,

तुझा निरोप मिळाला. फोन दोनदा उचलून खाली ठेवला. तुझा आवाज ऐकला असता तर पुन्हा गप्प बसले असते, म्हणून लिहितेय.

अकरा वर्षं आपण दोघी व्हरमाँटभर हिंडतोय. छप्पर घातलेला जुना लाकडी पूल दिसला की तू गाडी थांबवतेस आणि मी कॅमेरा घेऊन ओढ्यात उतरते. एकदा मी गुडघ्याएवढ्या चिखलात रुतले, तर तू काठावरून ओरडलीस, "आधी फोटो काढ, पाय नंतर काढू!" किती हसलो होतो.

तुझ्या शेताजवळचा पूल मात्र कधी फोटोत मनासारखा मिळाला नाही. तुझ्या आईनं लावलेल्या सफरचंदाची फांदी नेमकी त्याच्या तोंडावर आडवी यायची. तीन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, तू गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलीस आणि मी तुझ्या कोंबड्यांना दाणे घालायला येत होते. एका सकाळी पुलावर असं काही ऊन पडलं की मला राहवेना. गोठ्यातली करवत आणली. एकच तर फांदी, तीही अर्धी वाळलेली, अशी मनाची समजूत घातली. पण ती अर्धी कापली असतानाच स्वतःच्या वजनानं मोडली आणि खोडाची साल पार खालपर्यंत सोलून घेऊन गेली. मी आधी फोटो काढला, थेल्मा. मग फांदी ओढ्यात ढकलली. पुढच्या वसंतात झाडाला पालवी फुटलीच नाही.

रस्त्याकडेची झाडं छाटणं रॉस्कोचं काम, म्हणून तू घरी येताच त्याच्यावर घसरलीस. "ताई, मी हातसुद्धा लावला नाही." "मग काय भुतानं कापली?" मी तिथंच कॉफी ओतत होते. तेव्हापासून तू सख्ख्या भावाशी बोलत नाहीस. फोटो गावच्या कॅलेंडरवर आला तेव्हा मला मिठी मारून म्हणालीस, "त्या मेल्यानं झाड घालवलं, पण तुझा फोटो तेवढा छान आला." मी मान डोलावली गं.

काल रॉस्को दुकानात भेटला. हळूच म्हणाला, "त्या दिवशी करवत बरी चालवत होतीस." त्यानं रस्त्यावरून सगळं पाहिलं होतं. मग तिला सांगितलं का नाहीस, विचारलं. म्हणाला, "एकटी बाई, त्यात ऑपरेशन झालेलं. तुझ्याशिवाय तिच्याकडे येतं कोण? मी काय, भाऊच. आज ना उद्या बोलेल, म्हटलं." मान वर करून त्याच्याकडे बघवेना.

शनिवारी त्याच्या मुलीचं लग्न. त्या दिवशी गावात राहायला नको, लांबचे पूल बघायला जाऊ, असा तुझा निरोप. मी येणार नाही. झाड मी मारलं. हवं तर मला पुन्हा दारात उभं करू नकोस, पण अकरा वाजता चर्चमध्ये जा. पहिल्या बाकावर त्यानं तुझी जागा ठेवलीय. "ती नाही आली तर रिकामी राहील," म्हणाला.

तुझीच, अजून तसं म्हणू देशील तर,
अर्लीन