तिन्ही अक्षरं

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

"अक्षर फुकट नसतं गं, बोट झिजतं." तारऑफिसात टेलिप्रिंटरवरून उठून बोटं चोळत तू म्हणाली होतीस. मी तेव्हा हसले होते. आज भर बैठकीत तेच वाक्य बोलले आणि जिंकले!

आमच्या हॉस्पिटलच्या लॅबसाठी मी नवा प्रोग्राम केलाय. साहेबांना त्यात लांबलचक आज्ञा हव्या होत्या. "दोन अक्षरांत कोणाला काय कळणार?" मी म्हटलं, "संगणकात 'कॉपी'चं 'सीपी' आणि 'मूव्ह'चं 'एमव्ही' का झालं, माहितीये? ती नावं पडली तेव्हा समोर पडदा नव्हता, टेलिप्रिंटर होता. कडक कळा, रखडत छापणारं यंत्र. माझ्या ताईला विचारा!" मग लॅबच्या बाईंना हातमोजे घालून टाइप करायला बसवलं. साहेबांच्या आज्ञांत सहा चुका, माझ्या आज्ञांत एकही नाही. बाई म्हणाल्या, "साहेब, आता तुम्ही घाला मोजे." सगळे खो खो हसले. साहेबांनी तिथल्या तिथे सही केली.

एक नियम मात्र मी हट्टाने घातला. एका आज्ञेचे दोन अर्थ निघता कामा नयेत. "एवढा हट्ट का?" साहेबांनी विचारलं. मी पाणी प्यायले.

का ते तुला ठाऊक आहे. तुझं कार्ड आलं होतं: "आ. आ. ये." एरवी तुझ्या कार्डात "आ. आ." म्हणजे आई आनंदात. मी तसंच वाचलं, आणि 'ये' म्हणजे सवडीने ये. तू लिहिलं होतंस, आई आजारी. मी पोचले तेव्हा तिची खाट घडी करून भिंतीला टेकवलेली होती. दारातच तुला म्हणाले, "दोन अक्षरं जास्त लिहिली असतीस तर हात मोडले असते का?"

त्याला बावीस वर्षं झाली.

खरं सांगू? तो 'ये' वाचून मनात पाल चुकचुकली होती. पण नवी नोकरी होती, मला 'आनंदात' हवं होतं, म्हणून 'आनंदात' वाचलं. चूक तुझ्या अक्षरांची नव्हती, ताई.

सोमवारी प्रोग्राम सुरू होतोय. पहिली कळ तू दाबावीस असं वाटतं. तू कार्डावर नुसतं 'ना' लिहून पाठवशील, ओळखते मी तुला. तरी लिहिते: ये. याला दुसरा अर्थ नाही.

तुझीच,
धाकटी
(एरवीसारखं नुसतं 'धा.' नाही, तिन्ही अक्षरं मुद्दाम लिहिली आहेत)